पाखरं आली, वही उघडा



दिवाळी सरली, तुळशीची लग्नं लागली, की आमच्या मढच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी एकदम नजरेत भरतात. एक म्हणजे बांबूच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. आणि दुसरी म्हणजे पाणी ओसरलं की चिखलावर उतरलेली पाखरं. चारपाच महिन्यांपूर्वी यातली बरीचशी इथे नव्हती. कुठून आली, कधी आली, किती आली, हे सांगायला कोणी मोठा अभ्यासक लागत नाही. पहाटे मासळी वाळत घालायला आलेली बाई ते सांगू शकते. आज मला त्याच बाईशी बोलायचं आहे. शेतात ज्वारी राखणारी, तळ्यावर धुणं धुणारी, बांधावर शेळ्या चारणारी अशी जी कोणी ऐकत असेल, तिच्याशीही.

सांगणं एकच आहे. जे दिसलं ते लिहून ठेवा. का लिहायचं, काय लिहायचं आणि त्याचा आपल्याला काय उपयोग, ते आता सांगते.

आधी पाहुणे कोण, ते बघू. मढ हे मुंबईच्या उपनगरातलं, पण समुद्र आणि मालाडची खाडी यांच्या मधोमध वसलेलं. एका बाजूला एरंगळ, आक्साची वाळू; दुसऱ्या बाजूला तिवरांची म्हणजे कांदळवनाची झाडी आणि चिखल. वर्सोव्याच्या बाजूने आलात तर होडीतून खाडी ओलांडून यावं लागतं. वाळू, खडक, चिखल आणि तिवरं इतक्या जवळजवळ असल्यामुळे इथे तऱ्हेतऱ्हेची पाखरं येतात.

सगळ्यात ठळक दिसतो तो कुरव. पांढराशुभ्र, राखाडी पाठीचा, होड्यांच्या मागे घिरट्या घालणारा. यातल्या एकाचं नाव 'तपकिरी डोक्याचा कुरव', पण नोव्हेंबरात पाहाल तर त्याचं डोकं पांढरंच असतं, फक्त कानामागे एक काळसर ठिपका. उन्हाळा जवळ आला, परतायची वेळ झाली, की डोकं तपकिरी होतं. हा पक्षी लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांकाठी अंडी घालतो. तिथली तळी गोठू लागली की खाली समुद्राकडे येतो. त्याच्यासोबत कधी काळसर पाठीचा, अंगाने मोठा कुरवही दिसतो. तो तर रशियाच्या पार उत्तरेकडून आलेला असतो.

कुरवाहून सडपातळ, टोकदार पंखांचा, दुभागलेल्या शेपटीचा जो पक्षी पाण्यावर सूर मारतो, तो सुरय. आणि खाडीच्या वर एका जागी पंख फडफडवत थांबून, पाय पुढे करून जो धाडकन पाण्यात पडतो आणि मासा घेऊनच उठतो, तो कैकर. हाही हिवाळ्यातलाच पाहुणा. मोठा, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसला तर मात्र तो पाहुणा नव्हे. तो आपल्याच कोकण किनाऱ्यावरचा, उंच झाडावर घरटं करणारा. तो दिसला तर जरूर लिहा, कारण त्याला मोठी, जुनी झाडं लागतात आणि ती आता कमी होत चालली आहेत.

चिखलावर पळणारी बारकी पाखरं सगळी सारखीच वाटतात. त्यांच्या चोची बघा, म्हणजे फरक कळेल. चिमणीएवढा चिलखा छोट्या चोचीने चिखलाच्या वरचेच किडे टिपतो. वजनाने जेमतेम दोन-तीन तोळे, पण येतो सैबेरियाच्या बर्फाळ प्रदेशातून. आखूड, जाड चोचीचा चिखल्या धावतो, थांबतो, टिपतो, पुन्हा धावतो. तुतारी शेपूट वरखाली हलवत खडकांच्या कडेने फिरते. आणि कोरल नावाचा मोठा पक्षी खाली वाकलेली, हाताच्या बोटाहूनही लांब चोच पार आत खुपसून खेकडे आणि किडे ओढून काढतो. एकाच पातेल्यातलं कोणी वरचं खातंय, कोणी तळाचं. म्हणून एकाच चिखलावर इतक्या जातींना पोटभर मिळतं, भांडण होत नाही.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्याला का कळलं पाहिजे? कारण हा चिखल आपलाही आहे. तिवरांच्या मुळांत कोळंबीची, बोयरांची, खेकड्यांची पिल्लं वाढतात. ज्या चिखलात किडे आहेत, तिथे पाखरं आहेत, आणि तिथेच मासळीच्या पिल्लांनाही खायला आहे. एखाद्या वर्षी त्या जागी पाखरं उतरलीच नाहीत, तर समजावं की चिखलात काहीतरी बिघडलं आहे. घाण पाणी आलं असेल, भराव पडला असेल, भरतीची वाट बंद झाली असेल. आपल्या जाळ्यात ते कळायला वर्ष-दोन वर्षं लागतील. पाखरू पहिल्याच हिवाळ्यात सांगतं.

पाखरं कधी बघायची, हे तर किनाऱ्यावरच्या बाईला शिकवायलाच नको. पाणी उतरलं की पाखरं चिखलावर चरतात. भरती चढली की उंच वाळूवर, खडकावर, मिठागराच्या बांधावर एका पायावर उभी राहून विसावा घेतात. रात्रीची ओहोटी असली तर रात्रीही चरतात. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हांला ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, तर बाराच्या सुमाराला ओहोटी. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास भरती, आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर मागे जातं, चिखल जास्त उघडा पडतो, पाखरं पसरतात. भांगाच्या दिवसांत चिखल कमी उघडतो, पाखरं एकवटतात. म्हणून नोंद करताना तारखेसोबत तिथीही लिहा. शहरातल्या पक्षिनिरीक्षकाला हे कोष्टक बघून शोधावं लागतं. आपल्याला ते तोंडपाठ आहे.

आता किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे समुद्र नाही, आम्ही काय बघायचं? तुमच्याकडेही पाहुणे आले आहेत. ओल्या रानात शेपूट हलवत पळणारा धोबी बघा. घराच्या कौलावर, कुंपणावर शेपटी थरथरवणारा, पोटाखाली तांबूस रंगाचा थिरथिरा बघा. तो हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेला असतो. ज्वारीवर गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे येतात, ते मध्य आशियातून. भोरडी कणसं खाते, म्हणून आपण गोफण फिरवतो. पण तीच भोरडी नाकतोडेही मोप खाते. धरणाच्या पाण्यावर, जायकवाडीला, उजनीला, नांदूर मधमेश्वरला भगव्या रंगाचे चक्रवाक उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब येतात. हे पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात, इतक्या उंचावरून की तिथे माणसाला धाप लागते. धरणाकाठी राहणाऱ्या बाईने यांच्या येण्याची तारीख दरवर्षी लिहिली, तर ती मोलाची नोंद ठरेल.

नोव्हेंबर संपता संपता आणखी एक पाहुणा महाराष्ट्राच्या आकाशातून जातो. तो राहायला येत नाही, नुसता वाटसरू असतो. त्याचं नाव अमूर ससाणा. लहानसा शिकारी पक्षी, वजन साधारण दीडशे ग्रॅम. नर गडद राखाडी, पाय नारिंगी, मांड्यांजवळ तांबूस. रशिया आणि चीनच्या सीमेवरच्या अमूर नदीच्या प्रदेशात तो वाढतो, आणि हिवाळ्यात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत ईशान्य भारतात खाऊन-पिऊन ताकद घेतो, मग देश आडवा ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतो. समुद्रावर विसाव्याला जागा नाही. दिवस-रात्र उडत राहून तो आफ्रिकेचा किनारा गाठतो. लोणावळ्याच्या परिसरात तो या दिवसांत दिसतो. तिथून त्याच्यापुढे फक्त घाट, कोकण आणि समुद्र उरतो.

या ससाण्याची एक गोष्ट आपल्या गटांनी ऐकण्यासारखी आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नावाचं धरण आहे, आणि जवळ पांगती नावाचं गाव. धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारे लोक आपलीच मासळीची जाळी झाडांमध्ये टांगून हे ससाणे पकडत आणि विकत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखो ससाणे तिथे उतरतात, म्हणून हा हंगामी रोजगारच झाला होता. २०१२ साली काही कार्यकर्ते तिथे गेले. त्यांनी नुसती हळहळ केली नाही. किती जाळी, एका जाळ्यात किती पाखरं, दिवसाला किती, याचा हिशेब मांडला, छायाचित्रं काढली. तो आकडा हजारोंच्या घरात होता, आणि तो जगभर गेला. पण खरं काम त्यानंतर गावाने केलं. ग्रामसभेने, चर्चने, सरकारी खात्यांनी मिळून ठरवलं आणि २०१३ च्या हंगामात जाळी लागलीच नाहीत. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला. त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. म्हणजे ज्या गावात पाखरं मारली जात होती, त्याच गावाचं नाव एका पाखराच्या पाठीवर आफ्रिकेपर्यंत गेलं. पुढच्या वर्षी नागा आणि पांगती परत आले, तेव्हा तिथल्या लोकांना ते आपल्या घरचेच वाटले. एका वर्षात एवढा बदल झाला, त्याची सुरुवात मोजण्यापासून आणि लिहिण्यापासून झाली.

आता आपल्या जवळचं बघू. ठाण्याची खाडी म्हणजे मुलुंड, ऐरोली, घाटकोपर यांच्या बाजूची. तिथे हिवाळ्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत हजारो रोहित पक्षी येतात. गुलाबी पंखांचे, उंच पायांचे, उलटी चोच पाण्यात घालून चाळणीने गाळल्यासारखं खाणारे. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून आणि बारक्या जीवांतून येतो. यातले बरेच कच्छच्या रणाकडून येतात. या पाखरांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून २०१५ साली ठाणे खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला रामसर या जागतिक यादीत जागा मिळाली. २०२२ मध्येच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सहा रोहितांच्या अंगावर माग काढणारी यंत्रं बसवली. त्यातल्या एकाचं नाव होतं सालिम, एकाचं हुमायून आणि एकाचं चक्क नवी मुंबई.

पण नोंदी सगळ्या सुखाच्याच नसतात. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तळ्यावर रोहित मरू लागले. तिथे भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली होती. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला थव्याची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. नेरूळच्या रहिवाशांनी तळ्याचं पाणी कधी येतं, कधी येत नाही, पाखरं किती आहेत, मेलेली किती, हे रोजच्या रोज टिपलं, फोटो काढले, अर्ज केले. पुढे २०२५ मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने त्या तळ्याला संरक्षण देण्यास मान्यता दिली. हे लोक काही पक्षितज्ज्ञ नव्हते. रोज त्या वाटेने चालायला जाणारी माणसं होती.

हेच मढलाही लागू आहे. वर्सोवा आणि मढ जोडणाऱ्या पुलाची योजना आहे, आणि वर्सोव्याहून भाईंदरकडे किनारी रस्ता व्हायचा आहे. त्या रस्त्यासाठी हजारो तिवरं तोडावी लागणार, म्हणून तो प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. पूल नको, रस्ता नको, असं सांगायला मी इथे बसलेली नाही. खाडी ओलांडली की समोर वर्सोवा, पण गाडीने जायचं तर मालाडचा मोठा वळसा. अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात न्यायचं म्हणजे काय, ते आम्हांला माहीत आहे. पण कोणतंही काम आलं की कागदावर आधी एक वाक्य येतं: ही जागा ओसाड आहे, इथे विशेष काही नाही. ते वाक्य खोडायचं असेल, किंवा निदान 'काम करा, पण भरतीची ही वाट मोकळी ठेवा, हा चिखल बुजवू नका, बोंबील वाळवायची ही जागा सोडा' असं ठामपणे सांगायचं असेल, तर हातात काही हवं. 'आमच्या लहानपणी इथे खूप पाखरं यायची' हे वाक्य कार्यालयात टिकत नाही. 'तीन वर्षांची ही वही, दर आठवड्याची नोंद, तारीख, जागा आणि आकडा' हे टिकतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. सार्वजनिक कामासाठी तोड करायची तरी न्यायालयाची परवानगी लागते. अशा वेळी तिथे काय आहे हे सांगणारं कोणीतरी लागतं. ते आपण का नसावं?

कोणी म्हणेल, आम्ही शिकलेल्या नाही, आमची नोंद कोण वाचणार? तर ऐका. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. चितमपल्ली सोलापूरचे, वनखात्यात नोकरी केलेले. त्यांनी पाखरांची नावं आणि सवयी नुसत्या पुस्तकातून घेतल्या नाहीत. रानातले आदिवासी, पारधी, तळ्यावर मासे धरणारे ढीवर, यांच्याजवळ बसून विचारल्या आणि वहीत उतरवल्या. त्यातून मराठीला कितीतरी शब्द मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्याच्या घरट्यांसमोर तासन् तास बसून टिपणं केली, आणि नर एकामागून एक घरटी कशी विणतो, माद्या ती कशी निवडतात, हे जगाला सांगितलं. त्यासाठी किमती साधनं नव्हती. बसणं होतं, बघणं होतं आणि लिहिणं होतं.

आणि एक बाई होत्या, जमाल आरा. जन्म बिहारमधला, शिक्षण दहावीपर्यंतच. आजच्या झारखंडच्या रानात त्यांनी पाखरं पाहिली, टिपणं ठेवली, आणि त्या टिपणांतून साठाच्या वर लेख लिहिले. मुलांसाठी पक्षिनिरीक्षणाचं पुस्तक लिहिलं. भारतातल्या पहिल्या स्त्री-पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. तेव्हा शिक्षणाचं कारण सांगू नका.

वही कशी लिहायची ते सांगते. गटाच्या हिशेबाच्या वहीसारखीच साधी दोनशे पानी वही घ्या. पाच रकाने आखा. पहिला, तारीख, वेळ आणि तिथी. दुसरा, जागा. नुसतं 'किनारा' लिहू नका. 'देवळामागचा चिखल', 'धरणाची उत्तर बाजू' असं लिहा. तिसरा, पक्षी. पुस्तकातलं नाव माहीत नसेल तर तुमच्याकडे जे म्हणतात तेच लिहा. तेही नसेल तर रंग, चोच, पाय आणि आकार लिहा: 'कावळ्याएवढा, लांब वाकडी चोच'. चौथा, किती. पाचवा, काय करत होता: चरत होता, बसला होता, वरून जात होता.

मोठा थवा मोजायचा कसा? आपण तांदूळ दाणा दाणा मोजत नाही, वाटीने मोजतो. तसंच आधी दहा पाखरं मोजा. दहा पाखरांनी केवढी जागा घेतली ते डोळ्यात ठेवा. मग तशा किती वाट्या होतात ते बघा. तीस वाट्या झाल्या तर तीनशे. आकड्यापुढे 'अंदाजे' लिहा.

दोन नियम कडक पाळा. पहिला, दिसलं तेवढंच लिहा. वाटलं ते लिहायचं तर 'वाटतं' असा शब्द घाला. दुसरा, काही दिसलं नाही तरी लिहा. 'आज ओहोटीला एकही कुरव नाही' हीसुद्धा नोंदच आहे, आणि कधी कधी तीच सगळ्यात महत्त्वाची असते. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, तशाच ओहोटीला बघा. रोज जमलं नाही तरी चालेल, खंड नको. गटातल्या शाळकरी मुलीला मोबाइलवर फोटो काढायला आणि नोंदी ई-बर्डसारख्या ॲपवर चढवायला सांगा. आपली वही आपल्याजवळ राहील, आणि नोंद अभ्यासकांपर्यंत पोचेल.

पाखराच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग आणि त्यावरचा अंक-अक्षर जमेल तसं टिपा, फोटो काढा आणि वनखात्याला किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. अशा कड्यांमुळेच ते कुठून कुठे गेलं हे कळतं. कडं वाचायला म्हणून पाखरू पकडू मात्र नका. जाळ्यात, मांज्यात अडकलेलं किंवा थकून पडलेलं पाखरू मिळालं तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. अंगावर फडकं टाकून अलगद उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नका, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तर आणूच नका. आणि फिरायला आलेली मंडळी कुरवांना शेव-गाठ्या टाकतात, त्यांना हात जोडून थांबवा. मासे खाणाऱ्या पाखराच्या पोटाला तेला-मिठाचं मानवत नाही.

शेवटी पोटाचा प्रश्न. पाखरं बघून घर चालतं का? सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथल्या स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. बायका स्वतः होडी वल्हवतात, पाहुण्यांना तिवरांच्या जाती, खेकडे, खंड्या, बगळे दाखवतात. आधी त्यांना प्रशिक्षण घ्यावं लागलं, झाडांची आणि पाखरांची नावं पाठ करावी लागली, वनखात्याची मदत मिळाली. उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ मासेमारी करणारी माणसं हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून रोहित दाखवतात, आणि घरातल्या बायका जेवण करून घालतात. सगळ्याच गावांत असं होईल असं मी म्हणत नाही. खाडी स्वच्छ हवी, रस्ता हवा, पाहुणे यायला हवेत, आणि पाखरांच्या फार जवळ होडी नेणार नाही हे भान हवं. पण जिथे हे झालं, तिथे आधी काय आहे ते माहीत होतं. कोणता पक्षी कधी येतो हेच माहीत नसेल, तर पाहुण्याला काय दाखवणार?

बोंबील राखताना घारीला आणि कावळ्याला काठी दाखवावीच लागते, आणि ज्वारीवरच्या भोरडीला गोफण. पाखरांवर माया करा म्हणजे आपलं नुकसान होऊ द्या, असं नाही. ज्या जमिनीवर, पाण्यावर, चिखलावर आपण जगतो, त्यावरच ती जगतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की पाच मिनिटं काढा. एक वही घ्या, एका बाईला ती सांभाळायला द्या, एक जागा ठरवा. कार्तिक-मार्गशीर्षात पाखरं येतात, फाल्गुन-चैत्रात परत फिरतात. या हिवाळ्यात पहिलं पान लिहा. पुढच्या हिवाळ्यात ते उघडाल, तेव्हा मागच्या वर्षी चिलखे किती होते आणि यंदा किती, हे तुम्हांला कोणाला विचारावं लागणार नाही. तुमच्याच अक्षरात ते लिहिलेलं असेल.